माद्रिद ते लिस्बन : तिकिटावर वीस मिनिटं?? नक्की अंतर किती आणि वेळ किती

सुगंधा_पुणे
नमस्कार मंडळी, खूप वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या. मे महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, सासू-सासरे) स्पेन आणि पोर्तुगालला चाललोय. आधी माद्रिद, मग लिस्बन, आणि लिस्बनहूनच परत. तर माद्रिद-लिस्बन विमानाचं तिकीट बघत होते तर सुटायची वेळ दुपारी ४:०५ आणि पोचायची ४:२५. वीस मिनिटं! नवरा म्हणतो वेबसाइटची चूक आहे, बुक करू नको, पैसे अडकतील. सासरे म्हणतात वीस मिनिटांत आपण कोथरूडवरून स्वारगेटला पण पोचत नाही.
मग मी गूगल केलं तर अजूनच गोंधळ. एक साइट म्हणते उड्डाणाचा वेळ ३७ मिनिटं, दुसरी म्हणते १ तास २० मिनिटं. अंतर पण कुठे ५०३ किमी, कुठे ५१४, कुठे ६२५. दोन राजधान्या काही जागा बदलत नसतील ना रोज? शिवाय सासूबाईंना विमानाची धास्ती आहे, मुंबईहून जाताना बसावंच लागेल पण मधला टप्पा ट्रेनने जमला तर त्यांना बरं वाटेल. युरोपात ट्रेन सगळीकडे असतात म्हणे. कुणी केलाय का हा प्रवास?

खवचट
वीस मिनिटांत ५०० किमी म्हणजे ताशी १५०० किमी. सीटबेल्ट घट्ट बांधा.

चिंगी
नक्कीच चूक आहे वेबसाइटची. दोन्ही देश शेजारी-शेजारी, दोन्हीकडे युरो, मग टाइम डिफरन्स पण नसणार. कस्टमर केअरला फोन करा.

ढगातला_काका
सुगंधाताई, तिकीट बरोबर आहे, बिनधास्त बुक करा. चिंगी, तुझं मात्र चुकलं. स्पेन आणि पोर्तुगालच्या घड्याळात एका तासाचा फरक आहे, लिस्बन मागे. तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या गावची आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या गावची लिहितात. ४:०५ ला माद्रिदहून निघालं, १ तास २० मिनिटांनी पोचलं, म्हणजे माद्रिदच्या घड्याळात ५:२५, आणि लिस्बनच्या भिंतीवर ४:२५. उलट दिशेचं तिकीट उघडून बघा, तिथे २ तास २० मिनिटं दिसतील. दोन्हींची बेरीज २ तास ४०, भागिले दोन, १ तास २०. संपला विषय.

आता बाकीचे आकडे. मी एका विमानकंपनीत बरीच वर्षं ऑपरेशन्सला काढली, त्यामुळे हा माझा आवडता विषय, कंटाळा आला तर पुढे सरका.
५०३ किमी हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचं हवाई अंतर, नकाशावर दोरा ताणल्यासारखं. ५१४ च्या आसपासचं जे आहे ते विमानतळ ते विमानतळ, कारण माद्रिदचं बाराखास विमानतळ शहराच्या ईशान्येला आहे आणि लिस्बन आहे नैऋत्येकडे, म्हणजे तुम्ही आधी उलट्या दिशेला जाऊन मग विमानात बसता. ६२५ हे रस्त्याचं. तिन्ही खरे, फक्त प्रश्न वेगवेगळे.
३७ मिनिटं कुठून आली ते पण सांगतो. त्या अंतर मोजणाऱ्या साइट्स ५०३ ला ताशी ८०० च्या वेगाने भागतात आणि उत्तर छापतात. जणू विमान माद्रिदच्या चौकात असतानाच ८०० च्या वेगात आहे आणि त्याच वेगात लिस्बनच्या चौकात जाऊन थांबणार. एवढ्या छोट्या पल्ल्यात अर्ध्याहून जास्त वेळ चढण्यात आणि उतरण्यात जातो, सरळ उडणं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. प्रत्यक्ष हवेत साधारण ५५ मिनिटं धरा.
आणि १ तास २० म्हणजे ब्लॉक टाइम. गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून पलीकडे गेटला लागून चाकाखाली ठोकळे लावले तिथपर्यंत. तिकिटावर नेहमी हाच असतो. बाराखासला चार धावपट्ट्या, टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत नुसतं जमिनीवर फिरायलाच पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. लिस्बनला उलटं, तिथे एकाच धावपट्टीवर सगळा कारभार, त्यामुळे कधी कधी वरच घिरट्या. हा सगळा उशीर कंपन्या आधीच वेळापत्रकात मुरवून ठेवतात, म्हणून कधी वेळेआधी पोचलं की लोक टाळ्या वाजवतात.

चिंगी
सॉरी काका. पण शेजारी असून एक तास फरक कशाला? आपल्याकडे गुजरात ते अरुणाचल एकच वेळ.

माद्रिदकर_मी
मी गेली सहा वर्षं माद्रिदला आहे, सासर मिरजेचं, माहेर सांगलीचं. चिंगी, चुकीच्या वेळेत खरं तर स्पेनच आहे. नकाशा बघ, माद्रिद ग्रीनिचच्या पश्चिमेला येतं, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने लंडनच्याही मागे असायला हवं. पण १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे केली, जर्मनीच्या वेळेशी जुळवून, आणि ती परत मागे केलीच नाहीत. म्हणून इथे मे-जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो आणि लोक दहाला जेवतात. सूर्याने बघितलं तर माद्रिद आणि लिस्बनमध्ये जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा फरक, घड्याळात मात्र साठ.
पोर्तुगालने पण १९९२ ते ९६ ही मध्य युरोपची वेळ वापरून बघितली होती. हिवाळ्यात पोरं अंधारात शाळेत जायला लागली, लोक वैतागले, परत जुन्या वेळेवर.

ढगातला_काका
आपल्याकडेही होतीच की मुंबईची स्वतःची वेळ, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजोबा सांगायचे.

चिंगी
पण मग उन्हाळ्यात घड्याळ बदलतात तेव्हा हा फरक दोन तास होतो का?

माद्रिदकर_मी
नाही, दोन्ही देश एकाच क्षणी बदलतात. बारा महिने एकच तास.

सुगंधा_पुणे
बापरे किती छान समजावलंत काका! नवऱ्याला दाखवलं, म्हणतो हो मला माहीतच होतं, मी तुझी परीक्षा घेत होतो. :) आता ट्रेनचं सांगा कुणीतरी. सासूबाई रोज विचारतायत.

रूळवेडा
ट्रेनचं नाव काढलंत आणि माझी जखम उघडली.
माद्रिद ते लिस्बन थेट ट्रेन नाही. दोन शेजारी देश, दोन राजधान्या, मध्ये ना समुद्र ना आल्प्स, आणि थेट ट्रेन नाही! होती. लुसितानिया नावाची रात्रीची गाडी १९४३ पासून धावत होती, रात्री बसा, सकाळी दुसऱ्या देशात उतरा. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे बंद केली आणि ती परत आलीच नाही. आता जायचं तर माद्रिद ते बादाखोस (सीमेवरचं स्पॅनिश गाव), तिथून डिझेलवर चालणारी छोटी गाडी पकडून एन्त्रोंकामेंतु, तिथून तिसरी गाडी लिस्बनला. सगळ्या वेळा जुळल्या तरी नऊ तासांच्या आसपास, नाही जुळल्या तर बादाखोसला मुक्काम. ज्येष्ठांना घेऊन तर मुळीच जाऊ नका, एक गाडी लेट झाली की पुढची दुसऱ्या दिवशी.
आता गंमत ऐका. माद्रिद-बार्सिलोना रेल्वेने ६२१ किमी, हायस्पीड गाडी अडीच तासात नेते, २००८ पासून. लिस्बन रस्त्याने ६२५. म्हणजे अंतर जवळजवळ तेवढंच, एकीकडे अडीच तास आणि दुसरीकडे नऊ. स्पेनकडे जवळपास ४००० किमी हायस्पीड मार्ग आहेत, युरोपात सगळ्यात जास्त, पण लिस्बनकडे जाणारा अर्धवट.
आणि रुंदीची अडचण पण नाही हो! दोन्ही देशांचे जुने रूळ एकाच मापाचे, १६६८ मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६. फक्त आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे फ्रान्सच्या १४३५ पेक्षा स्पेन-पोर्तुगालचे जुने रूळ आपल्या मनमाडच्या जास्त जवळचे. (हायस्पीडचे स्पेनमध्ये १४३५ चे, तो वेगळा वाद, सुरू केला तर धागा भरकटेल.)

खवचट
मनमाड-लिस्बन पॅसेंजर कधी सुरू करताय मग?

रूळवेडा
तुमच्यासारखे प्रवासी नसतील तर उद्या.
हां, थोडी आशा आहे. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागात प्लासेन्सिया ते बादाखोस नवीन मार्गाचा टप्पा २०२२ ला सुरू झाला, पोर्तुगालकडे एव्होरा ते एल्वास नवीन रूळ पडलेत. २०३० चा फुटबॉल वर्ल्डकप स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को मिळून भरवणार आहेत त्यामुळे जरा घाई आहे. युरोपियन कमिशनने २०३० पर्यंत पाच तास आणि २०३४ पर्यंत तीन तास असं लक्ष्य ठेवलंय. मी मुंबई-गोवा हायवे बघत मोठा झालोय त्यामुळे अशा तारखांवर प्रतिक्रिया देत नाही.

माद्रिदकर_मी
सुगंधा, बस आहे. माद्रिदच्या दक्षिण बस स्टँडवरून सुटते, साधारण आठ तास, रात्रीची पण असते. मी एकदा केलीय. रस्ता अप्रतिम, गाढ झोप लागते, पण मध्यरात्री सीमेजवळ पोलीस चढले आणि सगळ्यांचे पासपोर्ट बघितले, तेव्हा अर्धवट झोपेत पर्स शोधताना माझी तारांबळ. तुमच्या सासूबाईंच्या पायांचा विचार करता मी तरी विमानच म्हणेन. एक तासाचा प्रश्न आहे, खिडकीपासून लांब बसवा आणि गप्पा मारत राहा.

गडभटक्या
गाडी भाड्याने घ्या!! कुणी बोलत कसं नाही. सहा-साडेसहा तासांचं ड्रायव्हिंग पण दोन दिवस काढलेत तर स्वर्ग. स्पेनचा ए-५ रस्ता टोलशिवाय, पोर्तुगालमध्ये शिरलात की ए-६ ला टोल. वाटेत मेरिदा, रोमन थिएटर आणि पूल असे काही शाबूत की आपण कसं जपलं नाही असं वाटून वाईट वाटतं. मग बादाखोस सोडलं की लगेच एल्वास. गडकोटवाल्यांनी एल्वास चुकवायचं नाही. चांदणीच्या आकाराची तटबंदी, खंदक, बाहेर टेकडीवर ग्रासा नावाचा अजून एक किल्ला, २०१२ पासून जागतिक वारसा. स्पेन येईल या भीतीने बांधलेलं सगळं. तोफांच्या माऱ्यासाठी भिंती बुटक्या आणि जाड, कोपरे टोकदार, वसईच्या किल्ल्याचे बुरूज आठवा, त्याच घराण्यातलं. मी तिथे चार तास होतो, बायको गाडीत झोपली होती.
फक्त एक, गाडी माद्रिदला घेऊन लिस्बनला सोडायची म्हटलं तर देश बदलल्याचे जास्तीचे पैसे लावतात आणि ते कधी कधी भाड्याहून जास्त. आम्ही म्हणून बादाखोसला गाडी परत केली आणि पुढे तीच ती डिझेल गाडी. रूळवेडा, मला आवडली हो ती.

रूळवेडा
आवडणारच. मी वेळेबद्दल बोललो, गाडीबद्दल नाही.

वसईचा_बोका
आमच्या वसईचं नाव निघालं म्हणून आलो. १५८० ते १६४० साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, म्हणजे त्या काळात वसई आणि गोव्याचा हुकूम शेवटी माद्रिदवरून सुटायचा. त्या राजाच्या एका इटालियन इंजिनियरने, अंतोनेलीने, तर लिस्बनपासून तोलेदोपर्यंत नदीतून होड्या नेण्याची योजना मांडली होती. नदी एकच आहे ना, स्पेनमध्ये तिला ताहो म्हणतात, तोलेदोला वळसा घालून खाली लिस्बनला तेजो होऊन समुद्राला मिळते. काही अंतरापर्यंत होड्या गेल्या पण, मग बारगळलं. म्हणजे हा रस्ता रखडायची परंपरा चारशे वर्षांची आहे, रूळवेडा यांनी मनाला लावून घेऊ नये.
पोर्तुगीजांची एक म्हण आहे, स्पेनकडून ना वारा चांगला येत ना लग्नाचं स्थळ. दोन भाऊबंद एकाच वाड्यात पाठीला पाठ लावून राहतात तसं आहे ते. एकाचं तोंड समुद्राकडे, दुसऱ्याचं माद्रिदकडे.
आणि सुगंधाताई, सासूबाईंना एक सांगा. माद्रिदला बटाट्याला पताता म्हणतात, लिस्बनला उतरलात की बटाटा बताताच होतो. अननस स्पेनमध्ये पिन्या, पोर्तुगालमध्ये अननाश. चावी माद्रिदला यावे, लिस्बनला शाव्ह, पूर्वी तिचाच उच्चार चाव्हे. एक तासात एवढी ओळखीची भाषा. मी हॉटेलात चावी मागितली तर बाई हसली आणि दिली.

चिंगी
आणि पाव?

वसईचा_बोका
पाव पाउंच. नाकात म्हणायचा.

सुगंधा_पुणे
सासूबाईंना वाचून दाखवलं. बटाट्याचं ऐकून खूश, म्हणे मग तिकडेच जास्त दिवस राहू. :D विमानच ठरलं मग. अजून दोन शंका. मध्ये पासपोर्टचा शिक्का लागतो का? आणि व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा, आमच्या स्पेनमध्ये पाच रात्री आणि पोर्तुगालमध्ये चार.

ढगातला_काका
दोन्ही शेंगेनमध्ये, १९९५ पासून, त्यामुळे मधल्या विमानाला इमिग्रेशन नाही, शिक्का नाही. तुमची आत येण्याची नोंद माद्रिदला आणि बाहेर पडण्याचा कार्यक्रम लिस्बनला. पण पासपोर्ट बॅगेत तळाशी टाकू नका, गेटवर ओळखपत्र म्हणून मागू शकतात, आणि आपलं दुसरं कुठलंच ओळखपत्र तिथे चालत नाही, आधार तर नाहीच. व्हिसा जिथे जास्त रात्री तिथला, म्हणजे स्पेन. रात्री समसमान असत्या तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिथला.
आणि वेळेचा खरा हिशोब घरापासून घरापर्यंत करा. हॉटेल ते बाराखास पाऊण तास, विमानतळावर दीड-दोन तास आधी, विमान १ तास २०, बॅगा अर्धा तास, लिस्बनचं विमानतळ शहरातच आहे त्यामुळे लाल मेट्रोने पुढचा अर्धा तास. झाले की पाच. म्हणजे रूळवेड्याची पाच तासांची ट्रेन खरंच आली तर विमानाशी बरोबरी.

माद्रिदकर_मी
टर्मिनल बघून निघा, हे मात्र विसरू नका. बाराखासला टी-४ आणि बाकीची तीन टर्मिनल्स एकमेकांपासून लांब आहेत, मेट्रोची स्टेशनं पण वेगळी. चुकलात तर फुकट बस असते पण तेवढ्यात गेट बंद होतं. माझ्या आईबाबांना घेऊन मी एकदा चुकीच्या टर्मिनलला उतरलेय, बाबा अजून ऐकवतात.

कैरीचं_लोणचं
बॅगेचं माप पण बघा. मागच्या वर्षी याच मार्गावर गेटवर माझी बॅग त्या लोखंडी चौकटीत घालायला लावली, दोन बोटं वर राहिली तर तिकिटाएवढे पैसे घेतले. आत होतं काय तर नावाला जागून लोणचं, ते आधीच सिक्युरिटीत काढून घेतलेलं! म्हणजे लोणच्यामुळे फुगलेल्या बॅगेचे पैसे, लोणच्याशिवाय. मेतकूट नेलं असतं तर दोन्हीकडून सुटले असते.

खवचट
लिस्बनला बटाटा मिळतो, लोणचं नाही मिळत?

कैरीचं_लोणचं
तुम्ही नेऊन दाखवा आधी.

सुगंधा_पुणे
मंडळी, जाऊन आलो! उशीर झाला कळवायला, आल्यावर सासऱ्यांना सर्दी आणि मला ऑफिस.
विमानाचं सांगते. टी-४ बरोबर सापडलं (माद्रिदकर ताई, मनापासून थँक्यू, टॅक्सीवाला पण विचारत होता कुठलं ते). ४:०५ चं विमान गेटवरून हललं ४:१५ ला, मग ते जमिनीवर एवढं फिरलं की सासूबाई म्हणाल्या हे रस्त्यानेच नेतंय वाटतं, मला चालेल. ४:४० ला हवेत. त्यांचा हात माझ्या हातात, दुसऱ्या हातात जपमाळ. चहा मागितला तोवर उतरायची घोषणा. लिस्बनवरून खाली येताना लाल कौलं इतकी जवळ दिसतात की आपण कुणाच्या गच्चीवर उतरतोय असं वाटतं, तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटले.
उतरल्यावर नवऱ्याने फोन चालू केला, वेळ ४:३५. उडालो ४:४० ला आणि उतरलो ४:३५ ला!! पाच मिनिटं आधी! हा माणूस बेल्टपाशी उभा राहून मला पुन्हा पहिल्यापासून समजावून मागत होता, परीक्षा वगैरे काही नाही.
तेवढ्यात सासऱ्यांनी मनगट पुढे केलं. त्यांचं जुनं एचएमटी, चावीचं, पूर्ण ट्रिपभर त्यांनी भारताच्याच वेळेवर ठेवलेलं, का तर रात्री पुण्याला नणंदेला फोन करायची वेळ चुकू नये. म्हणाले उडालो तेव्हा ह्यात आठ दहा होते, आता नऊ पाच. पंचावन्न मिनिटं. काका म्हणाले होते तेवढीच, बरोबर?

ढगातला_काका
बरोब्बर. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

चिंगी
फोटो टाका ना. एल्वासला गेलात का?

सुगंधा_पुणे
नाही गं, वरून दिसतंय का बघत होते, ढग होते.